काळीतलं बोलणं

द्रव नत्राचं भांडं गुरांच्या दवाखान्यातून उसनं आणलेलं.
एरवी त्यात वळूंचं बीज असतं, काड्यांमध्ये गोठलेलं.
म्हणून पिंपळखुट्याच्या शिवारात जीप थांबली तशी
तुळसाबाई आत्राम बांधावरूनच ओरडली,
"गाय तं मंगळवारीच भरवली, आता कोनासाठी आले बाप्पा?"
मी म्हटलं, गाईसाठी नाही, मातीसाठी.
तिनं विळा कमरेला खोचला.
"मंग, माती आली का माजावर?"

तूर फुलावर होती. दव अजून उतरायचं होतं.
मी सांगायला लागले, मावशी, या चिमटीत जेवढे जीव आहेत
तेवढी माणसं अख्ख्या तालुक्यात नाहीत.
"ते तं हायेच," ती म्हणाली,
विहिरीत पाणी असतं असं मी सांगितल्यासारखी.

ते कोण कोण आहेत, हे डीएनए सांगतो.
पण डीएनए म्हणजे ग्रामपंचायतीची मतदार यादी:
मेलेले तिच्यात, सुरतेला गेलेले तिच्यात,
उमरखेडला नांदायला गेलेल्या पोरीसुद्धा.
मला हवं होतं
आज, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी,
पारावर कोण बसलंय
आणि काय बोलतंय.
कोण मुळाला म्हणतंय, साखर दे, नत्र घे.
कोण नुसतंच तहानेनं कण्हतंय.
ते आरएनएत असतं.
आणि बोलून झालं की विरतं.

म्हणून घाई. मुळालगतची माती, चमचा, नळी, नत्रात बुडी.
चर्र. पांढरी वाफ तुरीच्या खोडांतून सरपटत गेली.
तुळसाबाईनं मधल्या तासातलं ढेकूळ उचललं,
मुठीत फोडलं, नाकाशी नेलं.
"हे जित्ती हाय," म्हणाली. "त्या कोपऱ्यातली निजेल हाय.
युरिया लय पडला तिथं."
मी लिहून घेतलं नाही. वहीत तसा रकाना नव्हता.
"घे, वास घेऊन पाह्य."
मला हातमोजे, तोंडावर पट्टी.
आपल्या कातडीवर, घामात असं काही असतं
की त्याच्या नुसत्या स्पर्शानं आरएनएचे तुकडे होतात.
माणसाचा हात लागला की बोलणं बंद.
हे तिला कसं सांगायचं?
तिच्या नखांत चाळीस वर्षांची काळी होती.

रात्री खलबत्ता. तोही आधी गोठवलेला.
फिनॉल, क्लोरोफॉर्म, डोळ्यांना धार.
भारी काळी माती आषाढात चपला धरते ना,
तशीच रेणू धरून बसते. सुटता सुटत नाही.
पहिल्या खेपेला नळीत कोरा चहा उतरला.
दुसऱ्या खेपेला सेंट्रीफ्यूज बारा हजारावर असताना लाईट गेली;
अंधारात ते थांबत जाण्याचा आवाज ऐकत बसले.
तिसऱ्या खेपेला मीच शिंकले.

सर म्हणाले, पैनगंगेकाठची वाळूसर घे, झटक्यात निघतं.
निघेल.
पण मला हिचं ऐकायचंय.

चौथ्या खेपेला, पहाटे, जेलवर
दोन नारिंगी पट्ट्या. वरची ठळक, खालची जरा फिकी.
हे बोलणं नव्हे अजून.
ही फक्त जात्याची वरची आणि खालची तळी;
दळण कसलं, ते पुढे कळेल.
पण जातं आहे. रात्रीपर्यंत फिरत होतं.

कोपऱ्यातल्या मातीची रांग मात्र कोरी.
निजलेली, की माझा हात चुकला,
हे जेल सांगत नाही.

वहीत आता एक रकाना वाढवलाय,
हातानंच पट्टी धरून, जरा वाकडा:
तुळसाबाई काय म्हणाली.
परत जायला हवं. भांडं मागितलं,
तर दवाखान्यातले म्हणतात,
मॅडम, आधी गाई.